मुलाखतीत तुम्ही बघता तरी काय?

गेल्या महिन्यात लांज्याचे एक गृहस्थ घरी आले. मुलगी इलेक्ट्रिकलची एमटेक, पहिला वर्ग, दोन शोधनिबंध. सहायक प्राध्यापकाच्या तीन मुलाखती दिल्या आणि तिन्हीकडून हात हलवत परत आली. चहा गार होईपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मॅडम, तुम्ही त्या कमिटीवर बसता ना? एकदा सांगा, तुम्ही बघता तरी काय?"

हा प्रश्न मला नवा नाही. जुने विद्यार्थी फोनवर विचारतात, लग्नाकार्यात भेटलेले नातेवाईक विचारतात. रत्नागिरीत इलेक्ट्रिकल शिकवण्यात उभं आयुष्य गेलं आणि आता कोकणातल्या कॉलेजांत विषयतज्ज्ञ म्हणून निवड समितीवर मला बोलावतात. दरवेळी उत्तर घाईत दिलं. म्हणून या वेळी नीट लिहिते.

आधी कागदांचं सांगते, कारण तिथे फार बोलण्यासारखं नाही. एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या केंद्रीय परिषदेच्या, २०१९ च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाला संबंधित शाखेतली बीई किंवा बीटेक आणि एमई किंवा एमटेक लागते, आणि दोहोंपैकी एकीत पहिला वर्ग. कला-विज्ञान शाखांसारखी नेट-सेट ही पात्रता परीक्षा इंजिनिअरिंगला लागत नाही. सहयोगी प्राध्यापकाला मात्र पीएचडी, आठ वर्षांचा अनुभव आणि सहा शोधनिबंध हवेत. छाननीत अर्ज पडतात ते बहुतेक 'संबंधित शाखा' या दोन शब्दांवर. बीई इलेक्ट्रिकलची, एमई भलत्याच शाखेतली, आणि हे आधी कुणी सांगितलेलंच नसतं. तेव्हा एमईला प्रवेश घेण्याआधी एखादी जुनी जाहिरात काढून वाचा, एवढंच म्हणेन.

छाननी झाली की फायली बाजूला राहतात. समोर बसलेले सगळेच पात्र असतात. टक्के, गेट परीक्षेचा स्कोअर, शोधनिबंध यांत उन्नीस-बीस. त्यानंतर माझं लक्ष असतं ते फळ्यासमोरच्या दहा मिनिटांवर.

एक दिवस लख्ख आठवतो. जुलैचा पाऊस पत्र्यावर असा कोसळत होता की समोरच्याचं बोलणं ऐकू येईना. उमेदवार सहा. विषय मी दिला होता, सिंगल फेज इंडक्शन मोटर, म्हणजे घरगुती विजेवर चालणारी मोटर. पहिल्या पाच जणांनी समीकरणं मांडली, डबल रिव्हॉल्व्हिंग फील्डची थिअरी घडाघडा म्हटली. चूक काहीच नव्हती. प्रत्येकाला मध्येच थांबवून मी विद्यार्थी व्हायचे आणि म्हणायचे, "सर, ही मोटर आपली आपण सुरू होत नाही, कारण तिला २३० व्होल्टच मिळतात. थ्री फेजला ४१५ मिळतात म्हणून ती सुरू होते." हे उत्तर मी रचलेलं नाही. दरवर्षी वर्गात एक तरी मूल हेच म्हणतं. ऐकायला पटतं, आणि साफ चुकीचं आहे.

चौघे "नाही, तसं नाही" म्हणून पुढे गेले. पाचव्याने विचारलं, "हे तुम्हाला मागच्या सेमिस्टरला झालंय ना?"

सहावी मुलगी होती. तिने खडू खाली ठेवला.

"बरं. मग हिला ४१५ व्होल्ट दिले तर सुरू होईल?"

"होईल," मी म्हटलं.

"घरचा पंखा आठवा. कपॅसिटर गेला की तो काय करतो?"

"नुसता गुणगुणतो."

"आणि काठीने पातं ढकललं तर?"

"हळूहळू फिरायला लागतो."

"कुठल्या बाजूला?"

इथे मी गप्प राहिले, कारण वर्गातला मुलगाही इथेच गप्प होतो. तिने थोडी वाट पाहिली. "ज्या बाजूला ढकलाल त्या बाजूला. व्होल्टेज तेवढंच होतं, वाढवलं नाही. मग कमी काय पडत होतं?"

समितीवर संस्थेचे एक प्रतिनिधी होते, आंब्याचे बागायतदार. इंजिनिअरिंगशी त्यांचा संबंध नाही. ते एकदम म्हणाले, "दिशा!"

मग तिने खडू उचलला आणि एकमेकांविरुद्ध फिरणारे दोन बाण काढले. सिंगल फेजचं चुंबकीय क्षेत्र स्वतः फिरत नाही, जागच्या जागी वाढतं आणि ओसरतं. त्यात उलटसुलट फिरणारी दोन सारखी क्षेत्रं दडलेली असतात. मोटर थांबलेली असताना दोघांची ओढ सारखीच, म्हणून ती जागची हलत नाही. ढकललं की एकाची ओढ वरचढ ठरते. ढकलण्याचं तेच काम कपॅसिटर करतो, दुसऱ्या वाइंडिंगमधला, म्हणजे तारेच्या दुसऱ्या गुंडाळीतला, करंट पुढे सरकवून. समीकरण तिने शेवटी लिहिलं, आणि तोवर ते बागायतदारांनाही कळण्यासारखं झालं होतं.

तर मी हे बघते. चुकीचं उत्तर आलं की तुम्ही त्याचं काय करता.

मला हे इतकं का महत्त्वाचं वाटतं, तेही सांगते. मी मराठी शाळेतून आले. पहिल्या वर्षी पहिल्याच आठवड्यात वर्गात विचारलं की फ्लक्स म्हणजे तारेतून वाहणारा करंटच ना. (तो असतो चुंबकीय क्षेत्राचं माप.) शिकवणारे म्हणाले, "बारावी पास कशी झालीस?" वर्ग हसला. त्यानंतर दोन वर्षं मी वर्गात तोंड उघडलं नाही. फ्लक्स मला तिसऱ्या वर्षी कळला, तोही लॅबमधल्या असिस्टंटनी ट्रान्सफॉर्मर उघडून दाखवला तेव्हा. कोकणातल्या कॉलेजात माझ्यासारखी मुलं आजही बाकाबाकावर आहेत. राजापूरच्या, संगमेश्वरच्या वाडीतून एसटीने येणारं पोर आपलं पहिलं उत्तर एकदाच देतं. ते उत्तर बहुधा चुकीचंच असतं. ते झटकून टाकलं की चार वर्षं पुन्हा आवाज नाही.

दुसरा प्रश्न मी इथल्या मातीतला विचारते. घाटावरून आलेल्याला म्हणते, येताना काय दिसलं? कुंभार्ली घाट उतरताना पोफळीच्या वीजघराकडून वर चढणाऱ्या तारा दिसतात. सह्याद्रीच्या पोटातून कोयनेचं पाणी कोकणात उतरवून १,९०० मेगावॅटहून अधिक वीज करणारा प्रकल्प, तोही कॉलेजपासून दोन-तीन तासांवर, आणि पॉवर सिस्टीम शिकवायला आलेल्याने खिडकीबाहेर पाहिलेलंच नसतं, असं अनेकदा होतं. पण नाही पाहिलं म्हणून मी गुण कापत नाही. माणूस इथला असलाच पाहिजे, असा माझा हट्ट अजिबात नाही.

मराठवाड्यातून आलेल्या एका मुलाला मी विचारलं होतं, किनाऱ्याजवळच्या लाइनवर इन्सुलेटर (तारेतली वीज खांबात उतरू न देणारे) जास्त लांब का घेतात? त्याने समुद्र आदल्याच संध्याकाळी रत्नागिरीच्या मांडवी किनाऱ्यावर पहिल्यांदा पाहिला होता. म्हणाला, "मॅडम, पुस्तकातलं नाही सांगता येणार. पण काल तिथे उभा होतो तर थोड्या वेळाने ओठ खारट लागायला लागले. म्हणजे मीठ हवेतच आहे. ते इन्सुलेटरवर बसणार. कोरडं आहे तोवर ठीक. पण ओलं झालं की करंटला वाट मिळणार." मी विचारलं, मग सगळ्यात धोक्याची वेळ कुठली, धो धो पावसाची? तो थांबला, विचार केला, म्हणाला, "नाही. मोठा पाऊस धुऊन नेईल. पहिली बारीक सर धोक्याची, नाहीतर पहाटेचं दव." अगदी बरोबर. मे महिन्याच्या शेवटी पहिल्या शिंतोड्याला वीज जाते, त्यामागे पुष्कळदा हेच मीठ असतं. अशा जागी इन्सुलेटरच्या पृष्ठभागावरून मोजलेलं अंतर दर किलोव्होल्टला ३१ मिलिमीटरपर्यंत ठेवावं लागतं. हा आकडा त्याला माहीत नव्हता. आकडा पुस्तकात सापडतो. ओठावरच्या चवीपासून इन्सुलेटरपर्यंत चालत जाणं वर्गासमोर करून दाखवावं लागतं.

वशिल्याचं विचारायला लोक संकोचतात, पण मनात तेच असतं. बैठकीआधी माझ्याही कानावर नावं घातली गेली आहेत. मी माझे गुण फळ्याकडे बघून दिले आणि शाईने लिहिले. शेवटचा निर्णय माझ्या एकटीच्या हातात नसतो, आणि काही ठिकाणी मला पुन्हा बोलावलं नाही.

लांज्याच्या त्या गृहस्थांना मी हे सगळं सांगितलं. मुलीसाठी एक काम दिलं. शेजारच्या अकरावी-बारावीच्या दोन मुलांना रोज अर्धा तास शिकव. त्यांनी काय काय चुकीचं म्हटलं ते वहीत लिही, आणि प्रत्येक चुकीपुढे तू कुठला प्रश्न विचारला असतास तेही लिही. शंभर चुका जमल्या की चौथ्या मुलाखतीला जा. त्यांनी खिशातल्या डायरीत टिपून घेतलं. उठता उठता विचारलं, "आणि निवड झाली, तर नोकरी पक्की ना?"

इथे मला त्या सहाव्या मुलीचं सांगावं लागलं. आम्ही तिला एकमताने निवडलं होतं. पण पद होतं अकरा महिन्यांचं. कायम पदावर सातव्या वेतन आयोगाने मूळ वेतनच ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं. तिला मिळत होता त्याच्या निम्म्याहून कमी ठोक पगार, आणि दर उन्हाळ्यात एक महिना काहीच नाही. बिंदुनामावली (आरक्षणाप्रमाणे पदांची यादी) तपासून यायची आहे, पदमान्यता यायची आहे, हे ती दोन वर्षं ऐकत राहिली. मधल्या काळात शिक्षक-विद्यार्थी प्रमाणही बदललं. २०१८-१९ पासून १५ मुलांमागे एक शिक्षक हे माप २० मुलांवर गेलं. म्हणजे चार वर्षांच्या २४० मुलांना पूर्वी १६ शिक्षक लागायचे, तिथे कागदावर १२ पुरू लागले. नवं पद काढायचं कारणच उरलं नाही. तिसऱ्या वर्षी ती पुण्याच्या कंपनीत गेली. आता मोटरचा वेग सांभाळणारे ड्राइव्हज डिझाइन करते, पगार चांगला आहे. तिच्या हाताखाली शिकलेली मुलं मला अजून भेटतात आणि काठीने ढकललेल्या पंख्याची आठवण काढतात.

दर गणपतीत ती गावी येते तेव्हा मला फोन करते. घरच्यांची चौकशी होते, मोदकांचं होतं, आणि ठेवण्याआधी विचारते, "मॅडम, कायम पदाची जाहिरात निघाली का?"

"नाही गं," मी म्हणते. "निघाली की पहिला फोन तुला."