अख्खा पेपर

नागपुरातल्या एका शासकीय संस्थेच्या ग्रंथालयात मी काम करतो. संशोधन करणाऱ्या मुलांचं जुनं गाऱ्हाणं एकच: इंटरनेटवर शोधनिबंधाचा सारांश दिसतो, अख्खा पेपर उघडत नाही. एका लेखाला तीस-चाळीस डॉलर कुठल्या शिष्यवृत्तीत बसणार? मग कुणी लेखकाला मेल करतं, कुणी आयआयटीतल्या मित्राला गळ घालतं. आमच्या रॅकवरचे विदेशी जर्नलांचे, म्हणजे संशोधन नियतकालिकांचे, बांधीव खंड तर कधीचेच थांबलेत. वर्गणी परवडेना, म्हणून एकेक बंद होत गेलं.

जानेवारी २०२५ मध्ये 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' सुरू झालं: एकाच सामाईक वर्गणीत शासकीय संस्थांना जर्नलं वाचायला देणारी केंद्राची योजना. केंद्राने तीन वर्षांसाठी ६,००० कोटी मंजूर केलेत. ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० जर्नलं त्यात आहेत. आमची नोंदणी पूर्ण झाली त्याच दुपारी पाण्यातल्या फ्लोराइडवर पीएचडी करणारी एक मुलगी आली. यवतमाळ जिल्ह्यातली. फ्लोराइडने डागाळलेले दात तिने घरातच पाहिलेले.

"सर, हा उघडतो का बघा ना."

उघडला. खुर्ची ओढून ती थेट प्रयोगाच्या पद्धतीवर गेली. सारांशात शोषकाची, म्हणजे पाण्यातलं फ्लोराइड ओढून घेणाऱ्या पदार्थाची, क्षमता भरघोस सांगितली होती, त्याच भरवशावर तिने आपला आराखडा आखला होता. आत पाहिलं तर सगळ्या चाचण्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये, तेही आम्लधर्मी. तिच्या गावच्या बोअरचं पाणी अल्कधर्मी, बायकार्बोनेटने भरलेलं. शोषकावरच्या जागा तेच अडवणार आणि फ्लोराइड पाण्यातच राहणार.

"सर, हे आपल्याकडे चालणारच नाही!"

ग्रंथालय बंद होईस्तोवर तिने खऱ्या भूजलावर काम केलेले पेपर शोधून काढले, जुना आराखडा खोडला आणि चाचण्या गावच्या हातपंपाच्या पाण्यावरच घ्यायचं ठरवलं. सारांशाच्या भरवशावर तिचं अख्खं वर्ष वाया गेलं असतं.

संशोधनाला निधी देणाऱ्या राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानच्या ५०,००० कोटींची चर्चा जास्त होते, आणि तो पैसा हवाच. पण जिल्ह्याच्या गावातून आलेल्या मुलांपर्यंत सगळ्यात आधी पोचली ती ही योजना, असं मला मनापासून वाटतं. मात्र पहिला टप्पा शासकीय संस्थांपुरताच आहे. त्याच संध्याकाळी तिच्या मैत्रिणीचा फोन आला, "सर, आमच्या कॉलेजात पण दिसेल का?" कॉलेज खासगी. नाही म्हणावं लागलं. नागपूर विद्यापीठाशी संलग्न अशी कितीतरी कॉलेजं आहेत आणि तिथेही मुलं पीएचडी करतात. पुढच्या टप्प्यात त्यांना घ्या, हे मी आता मिळेल त्या बैठकीत मांडतो.