पाच मुठींची पूर्व

फ्लॅटच्या जाहिरातीत 'पूर्वाभिमुख' हा शब्द ठसठशीत छापलेला असतो, आणि लोक त्याचे वेगळे पैसेही मोजतात. सूर्याला मात्र या व्यवहाराची कल्पना नसावी. तो बरोब्बर पूर्वेला उगवतो वर्षातून दोनदाच, 20-21 मार्च आणि 22-23 सप्टेंबरच्या सुमारास. एरवी त्याची आपली ये-जा चालू.

पुण्यात ही ये-जा चांगली ऐसपैस आहे. जूनअखेरीस तो पूर्वेपासून साधारण 25 अंश उत्तरेला गेलेला असतो, डिसेंबरात तेवढाच दक्षिणेला. हात लांब करून मूठ धरली की ती दहाएक अंश झाकते. म्हणजे आपली पूर्व पाच मुठी रुंद! आमच्या स्वयंपाकघराची खिडकी आग्नेयेला. डिसेंबरात सूर्य समोरच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीआडून वर येतो आणि ऊन थेट ओट्यावरच्या मिसळणाच्या डब्यापर्यंत पोचतं. मे महिन्यात तेच ऊन चौकटीला जेमतेम चाटून जातं. तेव्हा त्याला आत या म्हणणारंही कोणी नसतं म्हणा.

बरं, सरकणंही एका चालीचं नाही. मार्चमध्ये तो रोज बिंबाच्या पाऊणपट तरी पुढे जातो. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मात्र टाकीमागे ठाण मांडून बसतो. 21-22 डिसेंबरला माघारी वळतो, पण पत्ता लागू देत नाही. आपण उत्तरायण धरतो ते संक्रांतीपासून. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा, पण फारच सावकाश डुलतो, त्यामुळे शतकानुशतकं या दोन तारखा एकमेकींपासून लांब गेल्या. त्यात पुण्यात सूर्य सगळ्यात उशिरा उगवतो तोही जानेवारीच्या मध्यालाच. दिवस तिळातिळाने वाढत असतो खरा, पण वाढतो संध्याकाळच्या बाजूने. सकाळी सातच्या बसला धावणाऱ्याला हे कसं पटावं?

मावळतीचंही हेच. कोल्हापूरच्या अंबाबाईचं देऊळ पश्चिमाभिमुख. नोव्हेंबरात 9 ते 11 आणि मग 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी मावळतीची किरणं गाभाऱ्यात शिरतात: आधी पाय, मग छाती, मग मुख. दोनदा का, तर सूर्य जाताना ज्या जागेवरून जातो तिथूनच परततो. डिसेंबरच्या वळणाआधी सुमारे 41 दिवस, नंतरही तेवढेच. पण आभाळ आलं किंवा हवेत धुरळा असला की सगळं गणित गुंडाळावं लागतं आणि दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते, किरणं गुडघ्यापर्यंतच पोचली.