साडेचार वर्षांच्या लेकीला घेऊन रत्नागिरीहून मुंबई

आमच्याकडे सुट्टी म्हणजे मुंबईची माणसं गावी येणार, हे ठरलेलं. गणपती, शिमगा, मे महिना, सगळं चाकरमान्यांच्या हिशेबानं चालतं. उलट दिशेनं, लहान मूल घेऊन निव्वळ मुंबई बघायला जाणारी कुटुंबं कमीच. जाणं होतं ते लग्नाला, नाहीतर दवाखान्याच्या कामाला. यंदा नाताळच्या सुट्टीत आम्ही दोघं आणि साडेचार वर्षांची लेक असे फक्त मुंबई बघायला गेलो. परत आल्यापासून आळीतल्या आयांचे प्रश्न चालू आहेत, म्हणून सगळं एकदा लिहून काढते.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. दिवसाला एकच ठिकाण. सकाळी बाहेर पडायचं, ते ठिकाण पोटभर बघायचं, दुपारी खोलीवर येऊन मुलाला झोपू द्यायचं आणि संध्याकाळी जवळच्या जवळ फिरायचं. 'एवढ्या लांब आलोय तर हेही उरकून घेऊ' हा मोह मोठ्यांचा असतो, मुलाला त्याच्याशी काही देणंघेणं नसतं. दुपारची झोप मोडली की संध्याकाळी रडारड, मग जेवण नाही आणि दुसरा दिवसही वाया.

नाताळ निवडण्यामागे हिशेब होता. त्या आठवड्यात मुंबई-पुण्याची गर्दी कोकणात उतरते. गणपतीपुळ्याच्या रस्त्यावर पाऊल ठेवायला जागा नसते, पण मुंबईकडे जाणाऱ्या गाड्यांना त्या मानानं ओढ कमी. नवीन वर्ष लागल्यावर पर्यटक परतायला लागतात, तेव्हा आपण गावाकडे निघायचं. दोन्ही वेळा आपण गर्दीच्या उलट. आरक्षण ६० दिवस आधी सुटतं, त्या दिवशी सकाळीच बसून तिकिटं काढा. ३१ डिसेंबरच्या संध्याकाळी मात्र मरीन ड्राइव्ह आणि गेटवेच्या वाटेला लहान मुलाला घेऊन जाऊच नका. डिसेंबरच्या सुरुवातीला जाणार असाल तर ६ तारखेच्या आसपास दादरला महापरिनिर्वाण दिनासाठी देशभरातून लोक येतात, हे ध्यानात ठेवून मुक्कामाची जागा ठरवा.

जाताना तुतारी एक्स्प्रेस घेतली. रात्री रत्नागिरी सोडते, सकाळी दादरला संपते. शेवटचंच स्टेशन असल्यामुळे झोपलेलं मूल आणि सामान घेऊन घाईनं उतरायचा धसका नाही. कोकणकन्याही रात्रीचीच, ती सीएसएमटीपर्यंत जाते. वंदे भारत चांगली असली तरी मुंबईत रात्री उशिरा पोचवते, लहान मूल बरोबर असेल तर ती वेळ मला नको वाटली. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, पण मग बर्थही मिळत नाही. वेगळा बर्थ हवा असेल तर पूर्ण तिकीट पडतं. आम्ही लेकीला माझ्याजवळ खालच्या बर्थवर आतल्या बाजूला घेतलं आणि बाहेरच्या बाजूनं बॅग लावली. स्टेशन कुवारबावला, गावाबाहेर. रात्रीच्या गाडीसाठी रिक्षा दुपारीच सांगून ठेवा.

आता मुक्काम. हा नाजूक विषय आहे. आपली माणसं डोंबिवलीला, विरारला, नालासोपाऱ्याला. ती प्रेमानं बोलावतात आणि लॉजवर उतरलो तर त्यांना वाईट वाटतं. पण तिथून रोज सकाळी लहान मूल घेऊन लोकलनं मुंबईत यायचं आणि संध्याकाळी त्याच गर्दीतून परतायचं, यात मुलाचे हाल होतात. आम्ही महिनाभर आधी आत्यांना फोन करून स्पष्ट सांगितलं, "आत्या, राहायला दादरला उतरतोय, पण रविवार अख्खा तुमचा." थोडा रुसवा झाला, तो रविवारी सोललेली कोकमं, फणसपोळी आणि घरचे नारळ घेऊन गेल्यावर गेला. रविवारी लोकलला गर्दी कमी असते. मात्र मध्य आणि हार्बरवर मेगाब्लॉक असतो, म्हणून आदल्या दिवशी वेळा बघूनच निघा.

दादर पश्चिमेला स्टेशनपासून चालत जाण्यासारखी साधी, स्वच्छ लॉजं आहेत. खोली घेताना मागच्या बाजूची मागा. आम्हाला आधी रस्त्यावरची दिली होती, तिथे रात्री बारानंतरही हॉर्न थांबेना. विनंती केल्यावर बदलून मिळाली. दादरचा मोठा फायदा म्हणजे मध्य आणि पश्चिम दोन्ही लाइनी इथे मिळतात, शिवाजी पार्क चालत जाण्याएवढं आहे आणि खाणं आपलं मिळतं. प्रकाशमध्ये साबुदाणा वडा आणि पीयूष, आस्वादमध्ये थालीपीठ, मासे हवे असतील तर मालवणी-गोमंतकी खानावळी आहेतच. मी विजेची छोटी किटली आणि नाचणीचं सत्त्व घरून नेलं होतं. सकाळी ते पोटात गेलं की लेक दोन-तीन तास खुशीत. बाहेरचं पाणी सोडून सगळं चाललं.

राणीबागेविषयी, म्हणजे भायखळ्याच्या प्राणिसंग्रहालयाविषयी, सविस्तर सांगते, कारण एकच ठिकाण बघायला वेळ असेल तर मी हेच सांगेन. भायखळा स्टेशनला पूर्वेला उतरून चालत जाता येतं. बुधवारी बंद असते. सकाळी साडेनऊला उघडते, तेव्हाच दारात असा. तिकीट मोठ्यांना ५० रुपये, मुलांना २५. पेंग्विन सगळ्यात आधी बघा. अकरानंतर तिथे रांग लागते आणि पोरांना मागून ढकलाढकली होते. हे हम्बोल्ट पेंग्विन २०१६ साली दक्षिण कोरियातल्या सोलहून आणले. मूळचे ते पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे, म्हणजे तेही समुद्रकाठचेच. आत गार हवा आणि मोठी काच. लेक काचेला नाक लावून उभी राहिली. तिच्या श्वासानं काच धूसर व्हायची, की ती बाहीनं पुसायची आणि पुन्हा नाक लावायची. एक पेंग्विन पाण्यात गिरकी घेऊन थेट तिच्या तोंडासमोरून गेला, तेव्हा ती दचकून मागे सरली आणि लगेच पुढे झाली. "आई, यांना बांगडा देतात का?" हा तिचा पहिला प्रश्न.

पक्ष्यांचा मोठा पिंजरा आहे, त्याच्या आतून आपण चालत जातो, तोही मुलांना फार आवडतो. मोठ्यांनी जरा झाडांकडे बघावं. ही बाग १८६० च्या दशकातली, आणि इथल्या गोरखचिंचेचे बुंधे बघून माझे सासरे असते तर तासभर हलले नसते. शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ एक दगडी हत्ती उभा आहे, तो आवर्जून बघा. घारापुरीवरून आणलेला. पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हणायला सुरुवात केली ती याच हत्तीमुळे.

घारापुरीला आम्ही गेलो नाही. गेटवेवरून तासाभराची बोट, वर पायऱ्या, माकडं, आणि तेवढंच परत. पाच वर्षांखालच्या मुलाला लेण्यांचं काही कळत नाही, आणि बोटीचं म्हणाल तर आपल्या पोरांनी जयगड-तवसाळ फेरीबोट केलेली असते. मूल सात-आठ वर्षांचं झालं की जरूर न्या, त्रिमूर्तीसमोर उभं राहण्यासाठी ते वय हवं. सोमवारी लेणी बंद असतात. तारापोरवाला मत्स्यालयाचं नाव मात्र मुलांसमोर काढू नका. आपण लहानपणी बघितलेलं असतं म्हणून तोंडात येतं, पण ते बरीच वर्षं बंद आहे.

लोकलविषयी. सकाळी आठ ते अकरा सीएसएमटी-चर्चगेटच्या दिशेनं आणि संध्याकाळी पाच ते साडेआठ उलट दिशेनं मुलाला घेऊन चढायचं नाही, कितीही आग्रह झाला तरी. अकरानंतर चारपर्यंत धीमी गाडी घ्या. जलद गाडीनं वाचणारी पाच-दहा मिनिटं आपल्याला कशाला हवीत? मी आणि लेक लेडीज डब्यात, हे शेजारच्या डब्यात, असा प्रवास केला. त्यासाठी एक नियम घरीच ठरवला होता: कोणी एक उतरू शकलं नाही तर त्यानं पुढच्या स्टेशनला उतरून तिथेच थांबायचं, फोन लागो न लागो. लेकीच्या फ्रॉकच्या खिशात दोघांचे नंबर लिहिलेली चिठ्ठी सेफ्टी पिनेनं लावून ठेवली होती. लेडीज डब्यात बायका मूल बघून उठून जागा देतात. एका ताईंनी तर लेकीला खिडकीशी घेऊन दादर येईपर्यंत प्रत्येक स्टेशनचं नाव पाठ करून घेतलं.

नवीन भुयारी मेट्रो, आरे ते कफ परेड, ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली. मुलांसाठी यासारखी सोय नाही. गार डबे, लिफ्ट, सरकते जिने, स्वच्छतागृह. लहान मुलाला अचानक लागते तेव्हा या शेवटच्या गोष्टीची किंमत कळते. मेट्रोचं दादर स्टेशन रेल्वेच्या दादरला लागून नाही, पश्चिमेला थोडं चालावं लागतं. सिद्धिविनायकाला आता मेट्रोचं स्वतःचं स्टेशन आहे. मंगळवार टाळा, एरवी सकाळी लवकर गेलात तर निवांत दर्शन होतं. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रालाही मेट्रोनं जाता येतं. आतले प्रयोग साडेचार वर्षांच्या मुलाला जरा जड, पण बाहेरच्या बागेत तासभर छान जातो.

आणखी एक ध्यानात असू द्या. आपल्याला हात केला की रिक्षा, ही सवय. मुंबई शहरात रिक्षा चालत नाही, ती वांद्रे आणि शीवच्या पलीकडे. अलीकडे काळी-पिवळी टॅक्सी, मीटर ३१ रुपयांपासून सुरू होतं. मूल पेंगायला लागलं की पैशाकडे न बघता टॅक्सी करा.

लेकीला सगळ्यात जास्त काय आवडलं म्हणाल तर दुमजली बस. जुन्या लाल डिझेलच्या बसगाड्या २०२३ मध्ये गेल्या. आता विजेवरच्या, वातानुकूलित दुमजली गाड्या आहेत. सीएसएमटीवरून नरिमन पॉइंटकडे जाणारी ११५ नंबरची घ्या. पहिल्या थांब्यावर चढलात तर वरच्या मजल्यावरची अगदी पुढची जागा मिळते. बसची वाट बघताना समोरची सीएसएमटीची इमारत मुलांना दाखवा, दगडात कोरलेले प्राणी शोधायचा खेळ मस्त रंगतो. उतरल्यावर मरीन ड्राइव्हला कठड्यावर बसलो. समोर समुद्र, पण पुळण नाही, हे लेकीला पटेना. मग गिरगाव चौपाटीवर नेलं. तिथे वाळूत खेळू द्या, पाण्यात पाय घालू देऊ नका. घरच्या भाट्याच्या किंवा आरे-वारेच्या समुद्राशी त्याची बरोबरी करू नका. चौपाटीला जायचं ते माणसं बघायला आणि भेळ खायला.

प्रकृतीचं एक सांगायलाच हवं. डिसेंबर-जानेवारीत मुंबईची हवा धुळीची असते, आपल्याकडच्या स्वच्छ हवेत वाढलेल्या पोरांना तिसऱ्या दिवशी खोकला धरतो. लेकीलाही धरला. ज्यांच्या मुलांना बाळदम्याचा त्रास आहे त्यांनी निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारून औषधं बरोबर घ्यावीत. ढकलगाडी नेऊ नका. पूल, जिने आणि फुटपाथ यांच्यापुढे तिचा काही उपयोग नाही. उचलून घ्यायला कापडी झोळी बरी.

परतीला मुद्दाम दिवसाची मांडवी घेतली, सकाळी ७.१० ला सीएसएमटीहून. दादरहून त्या वेळी टॅक्सीनं पंधरा-वीस मिनिटांत पोचता येतं, तरी सहालाच निघा. डबा बांधून न्यायची गरज नाही. मांडवीत खायला सतत येत असतं, गरम भजी, वडे, कटलेट, सूप. मुलाला खिडकीत बसवा आणि रोहा सोडल्यावर बोगदे मोजायला लावा. एकेरी मार्ग असल्यामुळे मध्येच क्रॉसिंगला गाडी थांबून राहते, त्या वेळेसाठी चित्रांची वही आणि खडू हाताशी असू देत. उक्षीनंतर करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो. तो संपला की मुलाला चप्पल घालून सामान आवरायला घ्या, कारण मग भोके आणि लगेच रत्नागिरी.