खाडा पडेल म्हणून पाहुण्या येऊ शकत नव्हत्या

आमच्या शाळेच्या तिन्ही बाजूंना ऊस आहे. दिवाळीच्या सुमारास कारखान्यांची धुराडी पेटली की ओढ्याकाठच्या मोकळ्या रानात बीड आणि जालना जिल्ह्यांतून आलेल्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्यांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, उभ्या राहतात आणि गाळप संपले की ते रान पुन्हा मोकळे होते. माझ्या नववीच्या वर्गातील निम्म्याहून अधिक मुले ऊस उत्पादकांच्या घरची आहेत. मात्र आपला ऊस तोडणाऱ्या माणसांशी त्यांचे कधी नीट बोलणे झालेले नसते. हे माझ्या लक्षात यायला इतकी वर्षे जावी लागली, याची मला खंत वाटते.

शनिवारच्या शेवटच्या दोन तासिका आम्ही सामाजिक प्रश्नांवरील चर्चेसाठी राखून ठेवल्या आहेत. विषय मुले ठरवतात, संचालन तीच करतात आणि पाहुण्यांना निमंत्रण द्यायलाही तीच जातात. पहिल्या वर्षी मात्र आमची पद्धत चुकली होती. व्यसनमुक्तीवर बोलायला आलेल्या पाहुण्यांनी चाळीस मिनिटे भाषण केले, हार आणि नारळ झाला, आभार मानले गेले आणि एकाही मुलाने तोंड उघडले नाही. त्यात पाहुण्यांचा काही दोष नव्हता, कारण आम्ही त्यांच्यासाठी व्याख्यानाचीच मांडणी करून ठेवली होती. तेव्हापासून टेबल आणि हार दोन्ही गेले. आता बाके गोलात असतात, पाहुणे त्याच गोलात बसतात, स्वतःविषयी पाच मिनिटे सांगतात आणि पुढचा सर्व वेळ मुलांच्या प्रश्नांचा असतो. मी सर्वांत मागे बसते आणि संचालन करणाऱ्या मुलाने विचारल्याशिवाय बोलत नाही. हा नियम पाळणे मला अजूनही जड जाते.

गेल्या हंगामात मुलांनी ऊसतोडीचा विषय निवडला. दोन मुली संध्याकाळी कोप्यांवर जाऊन एका मावशींना बोलावून आल्या, पण शनिवारी सकाळी येणे त्यांना शक्य नव्हते. एक दिवस काम चुकले तर खाडा पडतो आणि त्याचा दंड मजुरीतून कापला जातो, असे त्यांनी मुलींना सांगितले. पाहुणा वर्गात येण्यापूर्वीच मुले विषयाच्या गाभ्यापाशी पोहोचली होती. चर्चा मग पुढे ढकलली आणि एक फड, म्हणजे तोडणीचे एक शेत, संपून दुसरा सुरू होण्याच्या मधली दुपार मिळाली, तेव्हा पालकांना कळवून आम्ही शाळेच्या व्हरांड्यात बसलो.

त्या आधीचा आठवडा प्रश्न तयार करण्यात गेला. माझ्या मते या उपक्रमातील खरे शिक्षण तिथेच होते. मुलांनी जुनी वर्तमानपत्रे वाचली होती. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता धरला जातो, मजुरांची टोळी आणणारा मुकादम हंगामाआधी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो आणि तोडीच्या दरात जानेवारी 2024 मध्ये 34 टक्के वाढ ठरली, एवढे त्यांना कळले होते. 2019 मध्ये गाजलेल्या, बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांविषयीही एका मुलीने वाचले होते आणि तिला तो प्रश्न विचारायचा होता. त्यावर वर्गात बराच वाद झाला. एक मुलगा म्हणाला, की आपल्या घरातल्या बाईला आपण हे चारचौघांत विचारू का? अखेर मुलांनी ठरवले की तो प्रश्न मावशींना विचारायचा नाही, त्यांनी आपणहून सांगितले तर ऐकायचे आणि त्या विषयासाठी पुढच्या वेळी गावच्या आशाताईंना, म्हणजे आरोग्य कार्यकर्तीला, बोलवायचे. हा निर्णय मी दिला असता तर तो केवळ बाईंचा नियम ठरला असता.

मावशी आपल्या धाकट्या मुलीला घेऊन आल्या. मुलांनी पहाटेच्या वेळा विचारल्या, मोळीचे वजन विचारले, वाढ्यांचे, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचे, काय करता असे विचारले. उचल फिटली नाही तर काय होते, या प्रश्नावर त्या म्हणाल्या, की बाकी पुढच्या हंगामावर चढते आणि पुन्हा त्याच मुकादमाकडे यावे लागते. मग एका मुलीने थोरल्या लेकीविषयी विचारले. तिचे लग्न सोळाव्या वर्षी झाले होते. कायद्याने अठरा वर्षे लागतात, हे त्या मुलीच्या वहीत लिहिलेले होते, पण ती ते वाक्य बोलली नाही. मावशी म्हणाल्या, “गावाकडं म्हातारी एकटी. पोरगी कुणाच्या भरवशावर ठिवू? अन् हितं आणली तर कोपीला दारबी नाही.” त्यानंतर कितीतरी वेळ कुणीच काही विचारले नाही. मला बोलावेसे वाटत होते. मी बोलले नाही. शेवटी संचालन करणाऱ्या मुलानेच विचारले, “मावशी, ही धाकटी कोणत्या शाळेत जाते?”

ती शाळेत जात नव्हती. पाण्याची घागर भरणे आणि तान्ह्या भावाला सांभाळणे तिच्याकडे होते. पुढच्या शनिवारी कोणताही पाहुणा नव्हता, तरी चर्चा झाली. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश मिळवून देणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे, हे मुलांनी शोधून काढले होते, आणि त्यांच्यापैकी चौघांनी जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटून ते सांगितले. दोघे आमच्याच गावच्या बागायतदारांची मुले होती, आणि घरी या विषयावर बोलणे त्यांना सोपे गेले नव्हते, असे त्यांनी नंतर मला सांगितले.

कोप्यांवरील पाच मुले जानेवारीत शाळेत जाऊ लागली. तान्ह्या भावाला सांभाळायला दुसरे कुणी नसल्यामुळे मावशींची मुलगी आठवड्यातून तीनच दिवस जाई. मार्चमध्ये टोळी परत निघाली, तेव्हा मुख्याध्यापकांनी पाचही जणांना शिक्षण हमी कार्ड भरून दिले, म्हणजे गावच्या शाळेत त्यांची हजेरी पुढे चालू राहील. ट्रॅक्टर निघायच्या आदल्या संध्याकाळी माझ्या वर्गातील मुली ती कार्डे प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कोप्यांवर देऊन आल्या.