पौष वारीतली साखर

पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तीनाथांची यात्रा भरते. आमची दिंडी आदल्या रात्री सातपूरला मुक्कामाला असते आणि एकादशीच्या पहाटे निघते. वीसेक किलोमीटर डांबरी रस्ता, हलका चढ. मी नर्सिंगच्या मुलींना शरीरक्रियाशास्त्र शिकवते. फळ्यावर लिहिलेलं सगळं या रस्त्यावर अंगात घडताना जाणवतं, म्हणून ही वारी मला दुहेरी प्रिय आहे.

निघताना थंडीनं बोटांत टाळ धरवत नाही. पिंपळगाव बहुला येईस्तोवर शाली कमरेला बांधलेल्या असतात. स्नायू जेवढी ऊर्जा जाळतात त्यातला जेमतेम चौथा हिस्सा हालचालीच्या कामी येतो, बाकीची उष्णता होते आणि रक्ताबरोबर अंगभर फिरते.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती दिंडीची चाल. अभंग म्हणत चालायचं, म्हणजे सूर निघेल एवढा श्वास उरलाच पाहिजे. तेवढा श्वास उरतोय याचा अर्थ स्नायूंना प्राणवायू पुरतोय आणि चरबी मोठ्या प्रमाणावर जळतेय. चरबीचा साठा सडपातळ माणसाकडेही भरपूर असतो. ग्लायकोजेन, म्हणजे शरीरानं साठवून ठेवलेली साखर, मात्र मोजकं: स्नायूंत साधारण ४०० ग्रॅम, यकृतात १०० ग्रॅमच्या आसपास, आणि यकृतातलं रात्रभरात बरंच उतरलेलं असतं. पोरं उत्साहात झेंडे घेऊन पळत पुढे जातात, तेव्हा हाच तोकडा साठा खर्ची पडतो. महिरावणीच्या पुढे ती कडेला बसलेली दिसतात. मग कुणीतरी हमखास म्हणतं, ‘पायात लॅक्टिक ॲसिड साचलं.’ साखर वेगानं जाळताना तयार होणारं हे ॲसिड शरीरात लॅक्टेटच्या रूपात असतं. बिचारं लॅक्टेट! हृदय ते इंधन म्हणून वापरतं, यकृत त्याची परत साखर करतं. हे चक्र कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्यानं उलगडलं. ग्लायकोजेनवरच्या कामासाठी त्यांना १९४७ चं नोबेल मिळालं. थांबल्यावर तासाभरात लॅक्टेट पूर्वपदावर येतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या धरतात त्या स्नायुतंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेमुळे, आणि उतारावर ती जास्त होते.

यंदा तुळस डोक्यावर घेतलेल्या एक मावशी माझ्या रांगेत होत्या. साठीच्या पुढच्या, मधुमेहाच्या. अंजनेरीच्या अलीकडे त्यांचा सूर तुटला. हात धरला तर गार, घामेजलेला.

‘मावशी, गोळी घेतली का सकाळी?’

‘घेतली ना माऊली. रोजचीच. उपास आहे म्हणून गोळी कशी चुकवू?’

गोळी ग्लिमेपिराइडची होती. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. त्यात चालणाऱ्या स्नायूंना साखर आत घ्यायला इन्सुलिनची वाटही पाहावी लागत नाही. आकुंचन होताच ग्लुट-४ नावाची वाहक प्रथिनं पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि रक्तातली साखर ओढू लागतात. उपास, गोळी आणि चाल, तिन्ही एकाच दिशेनं खेचत होते. माझ्या पिशवीत ग्लुकोमीटर होता. आकडा ६४. सत्तरच्या खाली गेलं की वेळ घालवायचा नाही, लगेच साखर द्यायची. तीन चमचे साखर पाण्यात कालवून दिली. उपासाला ती चालते, हेही त्यांना सांगावं लागलं. पंधरा मिनिटांनी परत तपासलं तर ९२. मग राजगिऱ्याचा लाडू दिला. तुळस एका पोरीनं घेतली, मावशींना टेम्पोत बसवायची तयारी झाली. त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि विसाव्यानंतर सावकाश चालल्या. पुढे त्र्यंबकपर्यंत मी त्यांची साथ सोडली नाही.

मधुमेह्यांनी वारी करू नये, असं मला मुळीच म्हणायचं नाही. उलट ही चाल त्यांच्यासाठी औषध आहे. चालल्यानंतर दिवस-दोन दिवस स्नायू इन्सुलिनला जास्त चांगला प्रतिसाद देतात. पण त्याच कारणानं त्या रात्री झोपेतही साखर उतरू शकते. उपासाच्या आणि चालण्याच्या दिवसाचा डोस वेगळा असतो, तो निघण्याआधी आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्यायचा. कुशावर्तावर पाय धुऊन आम्ही समाधीच्या दर्शनबारीत उभ्या राहिलो, तेव्हा मावशींच्या सुनेला मी फोनवर हेच सांगितलं: रात्री झोपायच्या आधी एकदा साखर बघा, कमी असेल तर दूध द्या, आणि उद्या सकाळच्या गोळीआधी डॉक्टरांना विचारा.