तंबू उठवण्याआधीचे ७२ तास

अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात बेघर माणसाचा फुटपाथवरचा तंबू उठवायचा तर आधी नोटिशीचा कागद चिकटवावा लागतो. तंबूंच्या तळावर शिरायच्या जेवढ्या वाटा दिसतात तेवढ्या सगळ्यांवर, इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत. कागद लागल्यापासून ७२ तास तळाला हात लावायचा नाही. शिवाय कागद कुठे लागला हे बेघरांसाठी काम करणाऱ्या स्थानिक संस्थेला कळवायचं. हा ऑरेगॉन राज्याचा नियम. २०२१ पर्यंत ही मुदत २४ तासांचीच होती. तळावर काही गुन्हा चालू असेल किंवा जिवाला तातडीचा धोका असेल तर मात्र मुदत लागू नाही.

नागपूरच्या बर्डीवर अतिक्रमणाची गाडी येताना ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे ऐकून हसू येईल. तीन दिवस आधी सांगून कोण उठवतं? पण तळ उठल्यावर माणूस शेल्टरमधल्या, म्हणजे निवाऱ्यातल्या, पलंगावर जाणार की दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या फुटपाथवर, हे याच तीन दिवसांत ठरतं. पेपरात सगळा वाद तंबूवर चालतो. मुदतीत धावपळ चालते ती पलंग, कागदपत्रं आणि सामान या तीन गोष्टींची.

नागपूरहून येणाऱ्याला इथे उघड्यावर झोपणारी माणसं पाहून जेवढं नवल वाटत नाही, तेवढं त्यांचे तंबू पाहून वाटतं. आपल्याकडे लोहापुलाजवळ, स्टेशनसमोर किंवा मेडिकल इस्पितळाच्या भिंतीलगत रात्री पथाऱ्या दिसतात, पण उजाडलं की पथारी गुंडाळली जाते आणि माणूस मजुरांच्या ठिय्यावर उभा राहतो. पालं ठोकून राहतात ते भटके लोक, आणि ते गावाच्या कडेला. इथे ऑक्टोबरपासून मेपर्यंत रिपरिप पाऊस आणि हाडं गोठवणारा ओलावा. ओल्या कपड्यात झोपलेला माणूस शून्याच्या बऱ्याच वर तापमान असतानाही गारठून जाऊ शकतो. म्हणून तंबू, तंबूखाली लाकडी फळ्या आणि वर निळी ताडपत्री. एकदा एवढा पसारा मांडला की तो दिवसा हलत नाही, आणि जे हलत नाही ते सगळ्यांच्या डोळ्यांत खुपतं.

कायद्याची गोष्ट थोडक्यात. २०१८ साली पश्चिमेकडच्या नऊ राज्यांचं अपील न्यायालय म्हणालं की शेल्टरमध्ये जागा नसेल तर उघड्यावर झोपल्याबद्दल शिक्षा करता येणार नाही. ऑरेगॉनमधल्याच ग्रँट्स पास या छोट्या शहराने अशा झोपण्याला २९५ डॉलर दंड लावला होता. ते प्रकरण वर गेलं आणि २८ जून २०२४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी शहराच्या बाजूने निकाल दिला. आता शहरं मोकळी झाली असं अनेकांना वाटलं. पण ऑरेगॉनने २०२१ मध्ये स्वतःचा कायदा केलेला होता: सार्वजनिक जागेवर बसण्या-झोपण्याचे नियम वेळ, जागा आणि पद्धत या बाबतींत वाजवी असलेच पाहिजेत. तो कायदा निकालानंतरही तसाच राहिला. पोर्टलंडने मे २०२४ मध्ये त्याच चौकटीत बसणारा नियम केला. वाजवी शेल्टर देऊ केलं आणि माणसाने नाकारलं, तर १०० डॉलरपर्यंत दंड किंवा ७ दिवसांपर्यंत कैद. शेल्टर मिळण्यासारखं नसेल तर तंबू चालेल, पण पायवाट अडवायची नाही, गॅसचा हीटर वापरायचा नाही आणि सामान तंबूपासून दोन फुटांपलीकडे पसरवायचं नाही.

पायवाटेच्या अटीमागे एक वेगळाच खटला आहे. २०२२ मध्ये व्हीलचेअरवर फिरणाऱ्या आणि दृष्टिहीन लोकांनी शहरावर दावा लावला: फुटपाथवर तंबू असल्याने आम्हाला रस्त्यावर उतरावं लागतं. पुढच्या वर्षी तडजोड झाली. व्हीलचेअर जायला निदान ३६ इंच मोकळी वाट लागते, एवढं ज्याला माहीत आहे तो दोन्ही बाजूंना खलनायक शोधत बसत नाही. धरमपेठेत फुटपाथवर लावलेल्या दुचाक्या ज्यांना दिसत नाहीत त्यांनी इथल्या तंबूंवर नाकं मुरडू नयेत, हे जाता जाता.

आता ‘वाजवी शेल्टर’. सगळं घोडं इथेच अडतं. कागदावर पलंग रिकामा असतो आणि माणूस नाही म्हणतो. मग लोक म्हणतात, यांना रस्त्यावरच राहायचंय. नाही म्हणण्याची कारणं विचारली तर बहुतेक वेळा जोडीदार, जनावर आणि सामान यांपैकी एक निघतं. पुरुषांचं शेल्टर वेगळं आणि बायकांचं वेगळं, त्यामुळे नवरा-बायकोची ताटातूट. कुत्रा चालत नाही. आत दोनच बॅगा नेता येतात, मग बाकीचं कुठे ठेवायचं? त्याखेरीज बारीकसारीक गोष्टी असतात ज्या यादीत दिसत नाहीत. पलंग वरचा असतो आणि माणसाचा गुडघा वाकत नाही. शेल्टरचं दार संध्याकाळी सहाला बंद होतं आणि माणूस रात्री गोदामात काम करतो. इन्सुलिन ठेवायला फ्रिज नसतो. म्हणून अनुभवी आउटरीचवाले, म्हणजे तळावर जाऊन मदत करणारे कार्यकर्ते, ‘शेल्टर पाहिजे का?’ असं विचारतच नाहीत. त्याचं उत्तर नाहीच येतं. ‘आज रात्री आत झोपायचं तर काय काय सोबत यायला हवं?’ असं विचारलं की माणूस बोलायला लागतो.

त्या ७२ तासांचा हिशेब साधारण असा असतो. पहिल्या दिवशी मोजणी. तंबू मोजायचे नाहीत, माणसं मोजायची. चार तंबूंत सात जण असू शकतात आणि एखादा तंबू नुसता सामानाचा असतो. प्रत्येकापुढे लिहायचं: कोणासोबत आहे, जनावर आहे का, चालता येतं का, रोजचं औषध कोणतं, ओळखपत्र आहे का. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर शेल्टरना फोन, कारण रात्रीची माणसं बाहेर पडली की रिकाम्या पलंगांचा आकडा तेव्हाच कळतो. दुपारपर्यंत थांबलं की तेच पलंग गेलेले असतात. धरलेला पलंग काही तासच राखून ठेवतात, म्हणून गाडी आधी ठरवायची आणि पलंग नंतर. हा क्रम उलटा झाला की पलंग मिळूनही हुकतो. व्हीलचेअरसाठी लिफ्टची गाडी लागत असेल तर ती आदल्या दिवशीच सांगून ठेवायची. तिसरा दिवस हलवाहलवीचा. साफसफाईचे लोक आणि कचऱ्याचा ट्रक यायच्या आत माणूस निघालेला हवा, कारण ट्रक दिसला की माणसं बिथरतात. हाताला लागेल तेवढं उचलून पळतात आणि तीन दिवसांत जमलेलं सगळं विस्कटतं.

पळताना सुटतात ती कागदपत्रं. जवळपास प्रत्येकाची एक पिशवी असते, उशाखाली किंवा पाठीवरच्या सॅकच्या तळाशी, आणि तिच्यात ओळखपत्र, सोशल सिक्युरिटी कार्ड, कोर्टाची तारीख, औषधाची चिठ्ठी. ती गेली की घरासाठीचा अर्ज अडतो. नवं ओळखपत्र काढायला जन्मदाखला मागतात आणि जन्मदाखला काढायला ओळखपत्र. पत्ता नाही म्हणून टपाल येत नाही, फोन गेला म्हणून घराच्या यादीत नंबर लागल्याचं कळत नाही. कित्येक महिन्यांचं काम एका सकाळी कचऱ्यात जातं, आणि पुन्हा ते त्याच सामाजिक कार्यकर्त्याला पहिल्यापासून करावं लागतं.

म्हणून सामानाचा नियम नोटिशीइतकाच मोठा. ऑरेगॉनमध्ये तळावरून उचललेली, कोणाची तरी आहे हे ओळखू येणारी आणि वापरता येण्याजोगी प्रत्येक वस्तू निदान ३० दिवस सांभाळावी लागते. घाण झालेलं किंवा कामाचं नसलेलं टाकता येतं. शस्त्रं, अमली पदार्थांचं साहित्य आणि चोरीचा माल पोलिसांकडे. वाचायला सोपं, पण प्रत्यक्षात एकच ओली स्लीपिंग बॅग हातात घेऊन कामगार उभा राहतो. वाळवली तर वापरता येईल. वाळवायला जागा नाही, आणि तशीच पिशवीत भरली तर चार दिवसांत बुरशी धरून शेजारच्या कपड्यांनाही लागेल. ती ‘घाण’ की ‘वापरण्याजोगी’? हा निर्णय रोजंदारीवरचा माणूस, हातमोजे घालून, सुया टोचतील या धाकाने, काही सेकंदांत घेतो. म्हणून क्रम ठरवून द्यावा लागतो: आधी फोटो, मग हाताने वेगळे काढायचे कागद, औषधं, फोन, चष्मा, दातांची कवळी, अस्थींचा डबा, त्यानंतर कपडे, ओलं सगळ्यात शेवटी. फावड्याने आधी भरायला सुरुवात केली की पुढचं काही वेगळं काढता येत नाही.

लॉस एंजेलिसने मापच ठरवलं: माणशी ६० गॅलनच्या डब्यात मावेल एवढं सामान. म्हणजे साधारण २२७ लिटर, आपल्या घराच्या मागे पाणी भरून ठेवलेल्या निळ्या ड्रमपेक्षा थोडं मोठं. त्याच शहराला २०१२ मध्ये न्यायालयाने सांगितलं होतं की मालक जवळ नाही एवढ्यावरून फुटपाथवरचं सामान उचलून नष्ट करता येणार नाही.

नुसतंच हटवत राहिलं तर काय होतं, याचं गणित २०२३ मध्ये जामा या वैद्यकीय नियतकालिकात आलं. २३ शहरांवर बेतलेल्या त्या गणिती प्रतिमानानुसार, सुईने नशा करणाऱ्या उघड्यावरच्या बेघरांमध्ये दहा वर्षांत होणाऱ्या मृत्यूंपैकी साधारण १५ ते २५ टक्के सक्तीच्या स्थलांतरामुळे वाढीव होऊ शकतात. उपचार तुटतात, ओळखीची नर्स सापडत नाही, इतकी साधी कारणं. ह्यूस्टनने क्रम उलटा ठेवला: तळावरच्या प्रत्येकाला आधी भाड्याचं घर, मग तळ बंद. तिथली बेघरांची संख्या २०११ पासून ६० टक्क्यांहून जास्त उतरली. पण तिथे घरभाडं इथल्यापेक्षा बरंच स्वस्त आहे, हेही सोबत सांगायला हवं.

नागपुरात यातलं काय उचलावं? दंड तर मुळीच नको. मुंबईचा १९५९ चा भिक्षा प्रतिबंधक कायदा आपल्याकडे आहेच, आणि मार्च २०२३ मध्ये जी-२० मधल्या नागरी संघटनांच्या सी-२० परिषदेच्या तोंडावर कलम १४४ लावून चौकांतल्या भिकाऱ्यांना मनाई करूनही झाली. पदपथावरच्या माणसाला आधी नोटीस द्यायला हवी, हे सर्वोच्च न्यायालय १९८५ च्या ओल्गा टेलिस प्रकरणात म्हणालं होतं. कायद्याचा तुटवडा नाही. तुटवडा जागेचा. २०१० मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाप्रमाणे एक लाख लोकवस्तीमागे एक निवारा हवा, तोही २४ तास उघडा. २०११ च्या जनगणनेत नागपूरची लोकसंख्या २४ लाखांवर होती, म्हणजे तेव्हाच्याच हिशेबाने २४ निवारे. केंद्राच्या योजनेत माणशी ५० चौरस फुटांचं माप दिलं होतं. लोक मात्र अजून ‘रात्र निवारा’ म्हणतात आणि ते नाव डोक्यात बसलं की दिवसा कुलूप लागतं. पोर्टलंडचा शत्रू रात्रीचा गारठा आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेल्यावर नागपूरचा शत्रू दुपारी बारा ते चार या वेळात भेटतो. तेव्हा दार बंद ठेवणारा निवारा काय कामाचा?

पहिला प्रश्नही आपल्याकडे वेगळा असतो. मेडिकलबाहेर झोपलेल्या माणसाला ‘काका, निवाऱ्यात चला’ म्हणण्याआधी ‘काका, आत कोण भरती आहे?’ असं विचारावं. छत्तीसगड, मध्य प्रदेशातून आलेला रुग्णाचा नातेवाईक चार किलोमीटरवरच्या निवाऱ्यात जाणार नाही. रात्री दोनला वॉर्डातून हाक आली तर त्याला तिथेच असावं लागतं. त्याला लागते चालत पोचता येईल अशी पडवी, नळ आणि डब्याला कुलूप. ठिय्यावरच्या मजुराला पहाटे पाचला बाहेर पडता आलं पाहिजे. आधार नसलेल्यांसाठी एक वाट आधीच आहे: मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या अधीक्षकाने ठरलेल्या नमुन्यात दिलेलं प्रमाणपत्र आधार नोंदणीला चालतं. नमुन्याच्या कोऱ्या प्रती आणि शिक्का निवाऱ्यातच हवा, नाहीतर माणूस एकदा बाहेर गेला की परत सापडत नाही.

आणि अतिक्रमणाच्या गाडीत ठेवायच्या पारदर्शक पिशव्या. काळ्या पिशवीत भरलेलं सामान गोदामात कचरा समजून फेकलं जातं, म्हणून पारदर्शक. नंबर दोन ठिकाणी लिहायचा: एक चिठ्ठी गाठीला आणि एक आत, कागदांना लागून, कारण बाहेरची पावसात किंवा ओढाताणीत निघते. तिसरी चिठ्ठी माणसाच्या हातात. तो तिथे नसेल तर शेजारच्या चहाच्या टपरीवर, ज्यावर सामान कुठे आहे, ते किती वाजेपर्यंत आणि कोणत्या तारखेपर्यंत मिळेल हे मराठीत आणि हिंदीत मोठ्या अक्षरांत. बॉलपेनने लिहावं, स्केचपेनची शाई घामाने फुटते.