भाडेकरार कुठून आणायचा?

"धंदा ठीक आहे, पण जागेचा भाडेकरार कुठे आहे?" बँकेतल्या साहेबांनी आज चामड्याची पाकिटे बनवण्याच्या धंद्यासाठी कर्ज मागायला आलेल्या धारावीतल्या एका मुलीला विचारले, तेव्हा तिने मुकाट्याने आपली वही पुढे सरकवली. चामड्याचे तुकडे, चेन, दोरा, शिलाईची मजुरी, प्रत्येक पाकिटामागे सुटलेले पैसे असा रोजचा हिशेब तारखेनिशी होता आणि उधारी लाल शाईने लिहिलेली होती. साहेबांनी ती उघडलीसुद्धा नाही.

छोट्या धंद्यांना कर्ज मिळावे म्हणून केंद्र सरकारने आणलेल्या मुद्रा योजनेत २०१५ पासून ५० हजार रुपयांपर्यंतचे शिशु कर्ज तारणाशिवाय देण्याची तरतूद आहे, ती अशाच मुलांसाठी. परंतु पोटमाळ्यावरची जागा जिथे तोंडी बोलीवरच मिळते, तिथे करार आणायचा कुठून? माझ्या मते तिची वही हाच भक्कम पुरावा आहे. शाखेतल्या एखाद्या अधिकाऱ्याने महिन्यातून एक दिवस वस्तीत येऊन हे धंदे प्रत्यक्ष पाहिले, तर काय बिघडेल?